वीर, रौद्र आणि एक ढाल

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रसांची चर्चा करताना त्यांपैकी चार रसांना उरलेल्या चारांचे उत्पत्तिस्थान मानले आहे. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक अशा या चार जोड्या होत. पदव्युत्तर वर्गात त्या फळ्यावर लिहून विभावानुभावांकडे वळण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. त्यांच्यापाशी थांबावे असा प्रसंग सहसा येत नाही. माझ्यापुरता तो २०२१च्या उन्हाळ्यात आला. महासाथीमुळे वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरत होते. वीर आणि रौद्र यांच्यातील भेद सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, जॉन वॉकरच्या हातात ढाल तीच असते, अंगावर ध्वजाचे रंगही तेच असतात. मग एका क्षणात तो वीर उरत नाही, तो कशामुळे?’’ या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले आणि पाहिले, त्यातून पुढील विचार आकाराला आला आहे.

जॉन वॉकर हे अमेरिकन चित्रकथांमधील एक दुय्यम पात्र होय. ते समजून घेण्यासाठी ज्याच्या जागी तो उभा राहतो त्या नायकाकडे आधी पाहावे लागते. ‘कॅप्टन अमेरिका’ हा जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा चित्रकथाकारांनी निर्माण केलेला नायक. त्याच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ असा महिना छापलेला असला, तरी तो अंक १९४०च्या डिसेंबरातच विक्रीस आला होता. त्याच्या मुखपृष्ठावर हा नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दिसतो. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला अजून जवळजवळ एक वर्षाचा अवकाश होता. सायमन आणि कर्बी हे दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या कुटुंबांत जन्मलेले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या ठोशाचा अर्थ निव्वळ शासकीय प्रचार असा लावता येत नाही. राष्ट्राने अजून न घेतलेली भूमिका त्याने घ्यावी, असा आग्रह त्या चित्रात आहे. तेथे देशभक्ती शासनाच्या मागे चालत नाही. ती शासनाच्या एक पाऊल पुढे आहे.

नायकाची घडणही अर्थपूर्ण आहे. स्टीव्ह रॉजर्स हा न्यूयॉर्कमधील एक गरीब, अशक्त तरुण. सैन्यभरतीत तो नापास होतो. एका वैज्ञानिकाच्या प्रयोगात त्याला विशिष्ट रसायन दिले जाते आणि त्याचे शरीर अतिमानवी होते. लगेच एक नाझी हेर त्या वैज्ञानिकाला ठार करतो आणि रसायनाचे रहस्य त्याच्याबरोबर संपते. म्हणजे वीर एकच, आणि पुन्हा तसा होणे नाही. भरताने वीररसाचा स्थायी भाव उत्साह सांगितला आणि त्याची प्रकृती उत्तम मानली. रॉजर्सच्या ठायी उत्साह आधी आहे, बळ मागाहून येते. आणि त्या बळातून विस्मय निर्माण होतो. वीरापासून अद्भुत ही जोडी म्हणजे सुपरहीरो या वाङ्मयप्रकाराची व्याख्याच म्हणता येईल, इतकी ती येथे चपखल बसते.

परंतु नायक एकमेव असला तरी त्याचा वेष एकमेव राहत नाही. येथून या कथेतील खरा पेच सुरू होतो. मराठी वाचकाला इंद्रजाल कॉमिक्समधून परिचित झालेला वेताळ येथे आठवावा. ली फॉकने १९३६मध्ये निर्माण केलेला हा नायकही एक वारसा चालवतो. तो त्या घराण्यातील एकविसावा आहे. तेथे मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, आणि लोक तर वेताळ अमरच आहे असे समजतात. वारसा रक्ताचा असल्यामुळे त्याविषयी वाद उद्भवत नाही. कॅप्टन अमेरिकेच्या ढालीला असा रक्ताचा वारस नाही. राष्ट्राचे चिन्ह कोणी धारण करावे हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो आणि दर वेळी त्यावरून कलह होतो. राजसत्ता आणि लोकसत्ता यांतील अंतरच जणू या दोन चित्रकथांच्या रचनेत उतरले आहे.

मार्क ग्रुएनवाल्ड या लेखकाने आणि पॉल निअरी या चित्रकाराने जॉन वॉकरला प्रथम आणले ते १९८६ साली, ३२३व्या अंकात. तेव्हा त्याचे नाव ‘सुपर पेट्रिअट’ असे होते. रॉजर्स उत्तरेतील महानगराचा, तर वॉकर दक्षिणेतील जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातला. त्याचा थोरला भाऊ व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला आहे. तो सभा घेतो, भाषणे करतो, आणि आपले शौर्य लोकांना दिसावे म्हणून स्वतःवरच्या हल्ल्याचा बनावही रचून घेतो. पुढे १९८७मध्ये, ३३२व्या अंकात, एक सरकारी आयोग रॉजर्सला बजावतो की हे नाव आणि हा वेष शासनाचा आहे. तो हवा असेल तर शासनाच्या आज्ञेत काम करावे लागेल. रॉजर्स वेष परत करतो. पुढच्याच अंकात तो वॉकरला मिळतो. १९८९मध्ये, ३५०व्या अंकात, रॉजर्स परत येतो. आणि वॉकरला काळा वेष देऊन ‘यू. एस. एजंट’ असे नवे नाव दिले जाते. ‘कॅप्टन’ या शब्दात नेतृत्व आहे, ‘एजंट’ या शब्दात दुसऱ्याच्या वतीने काम करणे आहे. मराठीत विम्याच्या संदर्भात हा शब्द निरुपद्रवी वाटतो. राजकारणाच्या संदर्भात आपण त्यासाठी ‘हस्तक’ म्हणतो. वॉकरचा प्रवास या दोन अर्थांच्या मधला आहे.

माझ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रसंग चित्रकथेतला नव्हे, तर दूरचित्रवाणी मालिकेतला. ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही माल्कम स्पेलमन यांनी निर्मिलेली सहा भागांची मालिका १९ मार्च ते २३ एप्रिल २०२१ या काळात डिस्ने प्लसवरून प्रसारित झाली. वायट रसेल या नटाने तीत वॉकरची भूमिका केली आहे. येथील वॉकर बनाव रचणारा नाही. तो अफगाणिस्तानात लढलेला, सर्वोच्च सैनिकी सन्मानपदक तीनदा मिळवलेला अधिकारी आहे. रॉजर्सने आपली ढाल सॅम विल्सन या कृष्णवर्णीय सहकाऱ्याकडे सोपवलेली असते. सॅम ती संग्रहालयाला देतो आणि शासन ती तेथून काढून वॉकरच्या हाती देते. चौथ्या भागात वॉकरचा जिवलग सहकारी लेमार हॉस्किन्स झटापटीत मारला जातो. ज्याने त्याला मारलेले नाही अशा एका तरुणाचा वॉकर पाठलाग करतो आणि रीगा शहरातील एका चौकात, गयावया करणाऱ्या त्या तरुणाला ढालीच्या कडेने घाव घालून ठार करतो. सभोवतीचे लोक भ्रमणध्वनीवर ते चित्रित करत असतात. शेवटच्या चौकटीत ढालीवरच्या ताऱ्याखाली रक्त दिसते.

रसचर्चेच्या परिभाषेत हा प्रसंग विलक्षण स्वच्छ आहे. वीर आणि रौद्र यांचे बाह्य अनुभाव पुष्कळदा सारखे असतात. शस्त्र, प्रहार, आवेश दोहोंत आहेत. भेद स्थायी भावाचा आहे. रौद्राचा स्थायी भाव क्रोध, वीराचा उत्साह. वीराच्या विभावांत भरताने असंमोह, अध्यवसाय, नय आणि विनय यांचा निर्देश केला आहे. त्यांपैकी असंमोह, म्हणजे भान न सुटणे, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉकरच्या अंगी पराक्रम भरपूर आहे, अध्यवसायही आहे; त्या चौकात सुटते ते भान. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. मात्र ते पुरेसे नाही. कारण रौद्रापासून करुण निर्माण होतो, हे सूत्रही येथे खरे ठरते. त्या रक्ताळलेल्या ढालीकडे पाहताना मारल्या गेलेल्या तरुणाविषयी जसा शोक वाटतो, तसा मारणाऱ्याविषयीही वाटतो. मग प्रश्न उरतो की हा करुण नेहमी वॉकरच्याच वाट्याला का येतो? मूळ नायकाच्या का नाही?

या प्रश्नाच्या प्रकाशात जुने अंक पाहिले म्हणजे एक रचना स्पष्ट दिसू लागते. १९५३-५४मध्ये कॅप्टन अमेरिकेचे पुनरुज्जीवन झाले होते. तेव्हा तो साम्यवाद्यांना ठोकून काढणारा वीर म्हणून अवतरला, आणि तो प्रयत्न लवकरच बंद पडला. १९६४मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांनी नायकाला बर्फातून बाहेर काढले आणि महायुद्धाच्या अखेरीपासून तो गोठलेलाच होता असे सांगितले. मग पन्नाशीच्या दशकात त्या वेषात कोण होते? १९७२मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट आणि सॅल बुसेमा यांनी उत्तर दिले: तो दुसराच एक माणूस होता, रॉजर्सची भक्ती करता करता त्याने त्याचे रूप घेतले आणि सदोष रसायनामुळे त्याचे डोके फिरले. कथानकातील विसंगती मिटवण्याची ही युक्ती कुशल आहेच. पण तिने आणखी एक काम केले. एका दशकातील आंधळा राष्ट्रवाद मूळ नायकाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घातला. १९७४मध्ये, वॉटरगेट प्रकरणाच्या ऐन काळात, कटाचे धागे थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचल्याचे पाहून रॉजर्स वेष टाकतो आणि ‘नोमॅड’, म्हणजे भटक्या, हे नाव घेतो. तो खिन्न होतो, पण त्याच्या हातून काही घडलेले नसते. १९८७मध्ये शासनाची आज्ञा पाळण्याचे कलंकित काम आले तेव्हा त्यासाठी वॉकर उभा केला गेला. आई-वडिलांच्या हत्येनंतर बेभान होऊन तो शत्रूंची कत्तल करतो ती १९८८च्या ३४५व्या अंकात.

तात्पर्य, देशभक्त सुपरहीरो वीर राहू शकतो, कारण त्याच वेषातला दुसरा कोणीतरी रौद्र आणि करुण यांचा भार वाहतो. या दुसऱ्याला मी ‘बदली नायक’ म्हणेन. राष्ट्राच्या प्रतिमेत जे बसत नाही, पण राष्ट्राच्या नावाने घडलेले असते, ते बदली नायकाच्या खात्यावर जमा होते. मूळ ढाल पुसून, स्वच्छ करून परत मिळते.

येथे रससिद्धान्ताच्या एका मूलभूत अडचणीचा विचार करणे प्राप्त आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक देशकालविशेषाच्या आवेशाचे आहे. पात्र अमुक देशाचे, अमुक काळाचे, आपले किंवा परक्याचे, या जाणिवेत प्रेक्षक अडकला तर आस्वाद घडत नाही. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, ते व्हायचे तर हे विशेष गळून पडावे लागतात. आता ज्या नायकाचा वेषच एका देशाचा ध्वज आहे, त्याचे साधारणीकरण माझ्यासारख्या दुसऱ्या देशातील प्रेक्षकाच्या ठायी कसे व्हावे? माझा अनुभव असा की रॉजर्सच्या वीरत्वापाशी ते अर्ध्यावर थांबते. मी त्याचे कौतुक करतो, पण तो कौतुकाचा विषयच राहतो. वॉकरच्या बाबतीत मात्र ते घडले, आणि का घडले हे सांगण्यासाठी थोडे खाजगी लिहिणे भाग आहे.

माझे वडील सैन्यात होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९६५च्या युद्धात ते आघाडीवर होते. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असल्यामुळे त्यात कोणाला विशेष वाटत नसे. तरीही निवृत्तीनंतर दर पंधरा ऑगस्टला शाळेतून त्यांना बोलावणे येई. गुरुजींची इच्छा असे की अण्णांनी पदके लावून यावे आणि मुलांना लढाईची हकिकत सांगावी. अण्णा साधा सदरा घालून जात. पदके ट्रंकेतच राहत. व्यासपीठावर उभे राहून ते म्हणत, ‘‘पोरांनो, शाळा चुकवू नका,’’ आणि खाली बसत. घरीही लढाईचा विषय निघाला तर ते थंडीविषयी बोलत, लंगरातल्या पातळ डाळीविषयी बोलत. मात्र दर दिवाळीत ते नारळ आणि फराळाचा डबा घेऊन तीन कोसांवरच्या एका गावी जात. तिथला त्यांचा सोबती युद्धातून परतला नव्हता. त्या घरी ते किती वेळ बसत आणि काय बोलत, हे आम्हाला कधी कळले नाही. एकदाच, त्यांच्या अखेरच्या दिवसांत, मी पदकांविषयी विचारले. म्हणाले, ‘‘ती त्या दिवसाची आहेत. तो दिवस कशाला काढायचा?’’

मालिकेत वॉकर आणि लेमार यांचा एक शांत संवाद आहे. तीत वॉकर आपल्या पदकांविषयी बोलतो, आणि त्याचा आशय असा की ती आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसाची आठवण कायम राहावी यासाठीच जणू दिलेली आहेत. तो संवाद ऐकताना देश, ध्वज, वेष हे सारे विशेष गळून पडले. उरले ते दोन सैनिक आणि ट्रंकेत ठेवलेली वस्तू. अण्णांनी वॉकरसारखे काही केले होते असे सुचवण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. म्हणायचे आहे ते इतकेच, की वीररस व्यासपीठावर असतो आणि त्याच्यातून वजा केलेला करुण कोणाच्या तरी घरी असतो. आमच्या गावात तो तीन कोसांवरच्या एका घरी होता. व्यासपीठाने त्याची कधी दखल घेतली नाही. बदली नायकाची योजना केवळ चित्रकथेची नाही.

या दृष्टीने पाहता मालिकेतील खरे मर्मस्थान वॉकरही नव्हे, तर आयझाया ब्रॅडली हे वृद्ध पात्र होय. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या २००३मधील ‘ट्रुथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ या सात अंकांच्या चित्रकथेतून ते आले. रॉजर्सच्या शरीरात जे रसायन यशस्वी झाले, ते पुन्हा सिद्ध करण्यासाठी कृष्णवर्णीय सैनिकांवर त्यांच्या संमतीवाचून प्रयोग केले गेले, अशी तिची कल्पना आहे. तिच्यामागे टस्कीगीच्या प्रयोगाची प्रत्यक्ष स्मृती आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना योग्य उपचारांवाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. आयझाया त्या कल्पित प्रयोगातून वाचतो, पराक्रम करतो, आणि त्याबद्दल त्याला तुरुंग मिळतो. मालिकेत कार्ल लंबली यांनी हा माणूस साकारला आहे. तो बाल्टिमोरमधील एका साध्या घरात विस्मृत होऊन राहतो. त्याला भेटून बाहेर आलेल्या सॅमला पोलीस रस्त्यावर हटकतात, तेव्हा त्याच्या विस्मरणाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

वॉकर आणि आयझाया यांना समोरासमोर ठेवले म्हणजे प्रेक्षक या संकल्पनेचे महत्त्व कळते. वॉकरचे सारे काही लोकांसमोर घडते. त्याची पहिली ओळख त्याच्या शाळेच्या क्रीडांगणावर, वाद्यवृंदाच्या गजरात होते, आणि त्याचा अधःपात शेकडो भ्रमणध्वनींसमोर होतो. आयझायाच्या वीरकर्माला एकही प्रेक्षक नाही. शासनाने ते पुसून टाकले आहे. रस हा सहृदयाच्या ठायी निष्पन्न होतो असे आपण मानतो. मग ज्या वीराला सहृदयच लाभू दिलेला नाही, त्याच्या वीरत्वाचे काय होते? ते नष्ट होते असे मला वाटत नाही. ते कटुतेच्या रूपाने साचून राहते. स्वाभिमान असलेल्या कृष्णवर्णीयाने ही ढाल घेऊ नये, असे आयझाया सॅमला बजावतो, त्यामागे हे साचलेपण आहे.

मालिकेचा शेवट मात्र तिच्या प्रश्नाला पेलत नाही, असे नमूद केले पाहिजे. सीमा नाकारणाऱ्या निर्वासितांचे म्हणणे तिने आरंभी सहानुभूतीने मांडले. पुढे त्यांच्या नेत्या कार्लीला हिंसेकडे इतके ढकलले की तिच्या म्हणण्याला उत्तर देण्याची जबाबदारीच संपली. वॉकर शेवटच्या भागात संकटातील लोकांना वाचवण्यास धावतो आणि पाहता पाहता पुन्हा बऱ्या माणसांत जमा होतो. ज्याला त्याने मारले त्याचा शोक करण्यास कथेला सवड नाही. सॅम ढाल स्वीकारून सत्ताधाऱ्यांसमोर एक दीर्घ भाषण करतो. त्यातील विचार योग्य आहेत, पण ते व्यासपीठावरचे आहेत. त्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते ते त्यानंतरचे निःशब्द दृश्य. सॅम आयझायाला संग्रहालयात घेऊन जातो आणि तिथे त्याचा पुतळा उभारलेला त्याला दाखवतो. आयझायाचे डोळे भरून येतात. त्या अश्रूंत वीर, करुण आणि अद्भुत एकाच देहात एकत्र आले आहेत. ज्या प्रकारात हे रस आजवर वेगवेगळ्या माणसांत वाटून दिले जात होते, त्या प्रकारासाठी ही छोटी घटना नव्हे.

अर्थात पुतळ्यानेही प्रश्न मिटत नाही. राष्ट्राला पुतळे उभारणे सोपे जाते. पुतळा बोलत नाही आणि कोणाच्या घरी जाऊन बसत नाही. देशभक्त नायकाच्या कथेची कसोटी यापुढे अशी असावी, की तिने आपल्या वीराचा क्रोध आणि शोक कोणाच्या अंगावर टाकला आहे, ते शोधावे. ही कसोटी अमेरिकन चित्रकथेपुरती राखण्याचे कारण नाही. पोवाड्यापासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत आपल्याकडेही वीररसाची परंपरा भरघोस आहे, आणि तिच्यातील बदली माणसांची यादी अद्याप कोणी केलेली नाही. त्या विद्यार्थिनीने आता संशोधनासाठी हाच विषय घेतला आहे.